शेड बांधली, मशीन आणलं, आता माणसं तयार करा: पंचायतीला आणि पणजीतल्या साहेबांना खुलं पत्र

माननीय सरपंच, सगळे पंच, सचिव, आणि पणजीत बसून गावागावांच्या कचऱ्याचे निर्णय घेणारे सगळे अधिकारी,

नमस्कार.

मी फोंडा तालुक्यातल्या एका गावात राहते. आमच्या स्वयंसाहाय्य गटातल्या बायका गेली काही वर्षं पंचायतीच्या एमआरएफ शेडमध्ये, म्हणजे जिथे विकता येणारा माल कचऱ्यातून वेगळा काढतात तिथे, सुका कचरा वेगळा करायचं काम करतात, त्यातलीच मी एक. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ज्यांना कळायचं त्यांना कळेलच, आणि दुसरं म्हणजे माझ्या माहेरच्या पंचायतीत, बहिणीच्या सासरच्या पंचायतीत थोड्याफार फरकाने हेच चाललंय, त्यामुळे हे एका सरपंचांवरचं पत्र नाही.

गेल्या पंधरवड्याच्या मिटींगमध्ये तुम्ही ठराव घेतला की घरोघरचा कचरा उचलणं, वेगळा करणं आणि पुढे पाठवणं हे सगळं एकाच कंत्राटदाराला द्यायचं, ट्रक त्याचा, माणसं त्याची, आणि गटाच्या बायकांनी पुढच्या महिन्यापासून यायची गरज नाही. आम्हाला हे कागदावर कळलं नाही, कचऱ्याच्या गाडीच्या ड्रायव्हरने सांगितलं, मग सचिवांना विचारलं तर ते म्हणाले हो, ठराव झालाय. आमच्यातल्या तिघींचं घर याच पैशांवर चालतं, त्यामुळे पोटाचा प्रश्न आहेच आणि तो मी लपवत नाही. पण तेवढंच असतं तर मी सरपंचांच्या घरी जाऊन बोलले असते, असं सगळ्यांसमोर लिहिलं नसतं. लिहितेय ते यासाठी की इतक्या वर्षांत या गावाकडे कचऱ्याबद्दल जी अक्कल जमा झाली होती ती तुम्ही एका ठरावात गावाबाहेर काढताय, आणि ती परत आणायला किती वर्षं लागतील याचा विचार त्या मिटींगमध्ये कोणी केला असं मला दिसत नाही.

शेडमध्ये आम्ही नक्की काय करतो ते बहुतेकांनी बघितलेलं नाही म्हणून सांगते. टेबलावर गोणी ओतली की दुधाच्या पिशव्या आधी बाजूला, त्या ताणल्या की ताणतात, धुवून वाळवलेल्या असतील तर भंगारवाला चांगला भाव देतो आणि आंबलेल्या असतील तर हातही लावत नाही. वेफर्स, बिस्किटं, शांपूच्या पुड्या, ज्याला आतून चंदेरी असतं, ते कोणीच विकत घेत नाही, त्याचे गठ्ठे बांधून कर्नाटकातल्या सिमेंट फॅक्टरीत जाळायला जातात, पण ते सुद्धा कोरडे असले तरच. पाण्याच्या बाटलीचं झाकण वेगळं प्लास्टिक, बाटली वेगळी, लेबल तिसरंच. तेलाची पिशवी एक जरी पुठ्ठ्यात गेली तरी आजूबाजूचा पुठ्ठा खराब, आणि पावसात भिजलेल्या पुठ्ठ्याला भावच नाही. काळ्या पिशवीत बांधून टाकलेला डायपर आम्हाला हातात घेतल्यावर वजनावरूनच कळतो, पिशवी फाडायच्या आधी. फुटलेली बियरची बाटली कुठल्या गोणीत असणार तेही साधारण कळतं, शनिवार रविवारनंतरच्या गोण्यांना आमच्या बायका पायातल्या चपलांसकट जपून जातात.

आणि हे फक्त शेडमधलं झालं. मडकई आणि कुंडईच्या इंडस्ट्रियल इस्टेटीत कामाला येणारी माणसं आमच्याकडे भाड्याने राहतात, एखाद्या बिल्डिंगीत भाडेकरू बदलले की पुढचे आठ पंधरा दिवस तिथून सगळं मिक्स येतं, म्हणून आमच्यातली एक जण आधीच जाऊन त्यांना त्यांच्या भाषेत समजावून यायची, हिंदीत, येतील तेवढ्या कन्नड शब्दांत, आणि पुढच्या वेळी ओला सुका वेगळा यायचा. कुठल्या वाड्यावर म्हातारी माणसं एकटी राहतात आणि त्यांना गाडीपर्यंत येणं जमत नाही, कुठल्या घरात आजारी माणूस आहे म्हणून सुया आणि ड्रेसिंग येणार ते वेगळं मागून घ्यायचं, चवथीच्या आधी थर्माकोल किती येणार, जत्रेच्या दुसऱ्या दिवशी किती बायका जास्त लागणार. हे कुठल्या टेंडरात लिहून येत नाही. हे येतं ते त्याच गावात राहणाऱ्या, तेच काम पुन्हा पुन्हा केलेल्या माणसांबरोबर.

आता गोव्याचं म्हणाल तर सरकारने काही केलंच नाही असं मी म्हणणार नाही. साळगावचा कचरा प्रकल्प 2016 साली सुरू झाला, आधी दिवसाला 100 टनांचा होता, मग 250 टनांपर्यंत वाढवला. दक्षिणेत काकोड्याला 100 टनांचा झाला. घातक कचऱ्यासाठी पिसुर्ले, दवाखान्याच्या कचऱ्यासाठी कुंडई. बायंगिणीच्या प्रकल्पावर इतकी वर्षं वाद चाललाय, त्यात कोण बरोबर हा विषय वेगळा. पण मडगावच्या सोनसडो कचरा डेपोला 2019 च्या मे महिन्यात आग लागली आणि दिवसेंदिवस धूर निघत होता तेव्हा मडगाव कुडतरीच्या लोकांनी काय सोसलं ते सगळ्या गोव्याने बघितलंय. तो डोंगर वर्षानुवर्षं मिक्स कचरा एका जागी नेऊन ओतल्यामुळे उभा राहिला. आणि साळगावसारखा मोठा प्रकल्प सुद्धा ओल्या कचऱ्यापासून गॅस काढतो तो ओला कचरा ओला म्हणून आला तरच, त्यात पिशव्या, काचा, माती, कपडे आले की तिथे पुन्हा वेगळं करत बसा, जे निघत नाही ते रिजेक्ट, आणि ते रिजेक्ट पुन्हा कुठेतरी न्यायचंच. म्हणजे कितीही कोटींचं मशीन बसवलं तरी पहिलं काम दारात आणि शेडमध्येच होणार, आणि गोव्यात 191 पंचायती आहेत, म्हणजे 191 ठिकाणी हे काम येणारी माणसं लागणार. ती कुठून येणार याचं उत्तर मला कुठल्याच कागदावर दिसत नाही.

आता माझ्या तक्रारी एकेक करून सांगते.

पहिली तक्रार ट्रेनिंगची, आणि माझ्या मते सगळ्याचं मूळ इथेच आहे. ट्रेनिंग होतं, नाही असं नाही, पण ते होतं पंच आणि सचिवांचं. एक दिवस हॉलमध्ये बसायचं, पडद्यावर चित्रं बघायची, फाईल आणि सर्टिफिकेट घेऊन यायचं. पंच पाच वर्षांनी बदलतात, सचिवांची त्याआधीच बदली होते, आणि जे काही शिकून आले ते त्यांच्याबरोबर दुसऱ्या गावाला जातं. आम्ही इथेच राहतो, इथेच मरणार, आणि आमच्यातल्या एकीलाही कधी कोणी बोलावलं नाही. कंपोस्टचं आम्ही स्वतः शिकलो, गटातल्या एकीच्या कुळागरात, म्हणजे माडा-पोफळींच्या बागेत, खड्डा करून. ओल्यात पातेरा, म्हणजे सुका पाला, किती घालायचा, वास मारायला लागला की काय चुकलं, मूठभर घेऊन दाबलं की एक दोन थेंब पाणी यायला पाहिजे, धार आली तर जास्त ओलं आणि काहीच नाही आलं तर पाणी मारायचं. पावसाळ्यात तर आमच्याकडे सगळं गणितच बदलतं. जांभ्या दगडाची जमीन, वरून धो धो पाऊस, उघड्यावर ठेवलेल्या ओल्या कचऱ्याचं काळं पाणी झिरपून खालच्या विहिरींना जायला वेळ लागत नाही. शेडच्या खालच्या अंगाला तीन घरांच्या विहिरी आहेत हे आम्हाला माहीत आहे म्हणून आम्ही ओलं तिथे एक रात्रसुद्धा ठेवू देत नव्हतो. कंत्राटदाराच्या माणसाला हे कोण सांगणार?

दुसरी, मशीनची. गठ्ठे बांधायचं बेलिंग मशीन आलं तेव्हा नारळ फोडला, फोटो काढले, आम्हालाही आनंद झाला कारण हाताने गठ्ठे बांधून पाठी मोडत होत्या. ते मशीन थ्री फेजवर चालतं आणि शेडला सिंगल फेजचं कनेक्शन. कनेक्शन मिळेपर्यंत एक पावसाळा गेला. मग ते चाललं, छान चाललं, मग बंद पडलं, आणि दुरुस्त करणारा माणूस राज्याबाहेरून यायचा, तो येईपर्यंत सुका माल शेडबाहेर ताडपत्रीखाली. आता तुम्ही म्हणता मशीन पडून आहे, शेड भरलीय, गटाला जमत नाही, म्हणून कंत्राट. सरपंच साहेब, यातलं गटाच्या हातात काय होतं ते तुम्हीच सांगा.

तिसरी, हातमोज्यांची. हे लिहिताना मला खरंच वाईट वाटतं. केंद्र सरकारने 2016 साली घनकचऱ्याचे जे नियम केले त्यात कचरा हाताळणाऱ्यांना युनिफॉर्म, चमकणारं जाकीट, हातमोजे, रेनकोट, बूट आणि मास्क द्यायचे असं स्पष्ट लिहिलेलं होतं. स्वयंसाहाय्य गट तयार करा, त्यांना ओळखपत्र द्या आणि घरोघरच्या उचलीत त्यांना सामावून घ्या हे पण त्याच नियमांत होतं. सचिवांनी मला सांगितलं की हे नियम शहरांसाठी आहेत, पंचायतींसाठी नाहीत. साहेब, त्यात सेन्सस टाउन, म्हणजे जनगणनेत शहर म्हणून मोजलेल्या पंचायती सुद्धा येत होत्या, आणि आमचं गाव त्या यादीत आहे. 2011 च्या जनगणनेत गोव्यातली 62 टक्के वस्ती शहरी म्हणून मोजली गेलीय, घरपट्टी पंचायतीला भरली तरी. आणि नियम लागू नसता तरी काच लागून हात कापतो तो कापतोच. आमच्याकडे हातमोजे वर्षातून एकदा आले, ते सुद्धा पातळ, जे पहिल्या आठवड्यात फाटले. शेडमध्ये नळ नाही. बायकांना लघवीला जायला जागा नाही, समोरच्या घरात जावं लागतं. धनुर्वाताचं इंजेक्शन प्रत्येकीने आपापलं घेतलं.

पैशांबद्दल थोडं. पंचायतीकडे पैसे नाहीत हे मी इतकी वर्षं ऐकतेय. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी पंचायतींना जो निधी ठरवला त्यातला 60 टक्के बांधून दिलेला, म्हणजे ठरवून दिलेल्या कामांवरच खर्च करायचा होता, आणि त्यातला अर्धा स्वच्छतेसाठी, घरगुती कचऱ्याची व्यवस्था त्यातच धरलेली. स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात 5000 पर्यंत वस्तीच्या गावाला घनकचऱ्यासाठी माणशी 60 रुपयांपर्यंत, त्याहून मोठ्या गावाला माणशी 45, आणि प्लास्टिकच्या युनिटसाठी तालुक्याला 16 लाखांपर्यंत अशी तरतूद होती. यातून आमच्या पंचायतीत काय आलं आणि कशावर खर्च झालं ते ग्रामसभेत विचारलं तर पुढच्या ग्रामसभेत सांगतो असं उत्तर मिळालं, आणि पुढच्या ग्रामसभेत तो विषय यादीतच नव्हता. शेड दिसते, मशीन दिसतं, त्याचं उद्घाटन होतं, म्हणून पैसा तिकडे जातो असं मला वाटतं. शिकलेली बाई दिसत नाही.

आणि कंत्राटाचा हिशेब बघा. कंत्राटदाराला पैसे मिळणार ट्रिपांवर आणि वजनावर. म्हणजे जितका जास्त कचरा, जितका मिक्स, जितका भिजलेला, तितकं त्याचं बिल मोठं. तो वाईट माणूस आहे असं मी म्हणत नाही, मी त्याला ओळखतही नाही, पण ज्याला कचरा वाढल्यावर जास्त पैसे मिळतात तो कचरा कमी करा असं घराघरात जाऊन कशाला सांगेल? आमच्या गटाला उलट सुका माल स्वच्छ आला तर फायदा होता, म्हणून आम्ही सांगत फिरत होतो. शेडमध्ये वजनकाटा द्या म्हणून आम्ही अर्ज दिला होता, तो मिळाला नाही, त्यामुळे आज गावात रोज किती कचरा होतो हे ना तुम्हाला माहीत ना आम्हाला. मग टेंडरातला आकडा कुठून आला?

बाहेर काय होतंय ते बघायला लांब जायला नको. सीमेपलीकडे वेंगुर्ला आहे, पेडण्याहून किती अंतर ते सगळ्यांना माहीत आहे. तिथल्या नगर परिषदेने आपल्या डम्पिंगच्या जागेवर कचरा वेगवेगळ्या प्रकारांत वेगळा करून, ओल्यापासून गॅस आणि खत करून, ती जागा लोक बघायला येतात अशी केली. ते मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात झालं आणि ते उभं राहिलं ते कामगारांना रोजच्या रोज तेच शिकवून, त्यांच्याकडून करून घेऊन. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांची स्वतःची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था 2008 पासून महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करत आलीय. केरळात पंचायती पंचायतींत हरित कर्म सेनेच्या बायका घरोघर जाऊन सुका कचरा घेतात आणि घरं त्यांना फी देतात. आणि पणजीनेही रस्त्यावरच्या कुंड्या काढून दारातून वेगळा कचरा घ्यायची सवय लावली, कॉलनीत कंपोस्ट केलं, ते आपल्याच गोव्यात झालं. जे तिथल्या बायकांना जमतं ते आमच्या बायकांना जमत नाही असं तुम्हाला वाटतं का? वाटत असेल तर तसं ग्रामसभेत उभं राहून सांगा.

आमच्या मागण्या साध्या आहेत.

कंत्राटाच्या ठरावाला आत्ता स्थगिती द्या आणि तो विषय पुढच्या ग्रामसभेच्या यादीत घाला, टेंडराच्या अटी आधी नोटीस बोर्डावर लावून. गाडी चालवायला आणि लांबच्या वाहतुकीला कंत्राटदार नेमला तर आमची हरकत नाही, मोठा ट्रक आम्ही घेऊ शकत नाही. पण दारातली उचल आणि शेडमधलं वेगळं करणं गावातल्या गटाकडेच राहू दे, निदान तीन वर्षांच्या लेखी कराराने, दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला बँकेत पैसे आणि प्रत्येकीला ओळखपत्र. दर ग्रामसभेत हिशेब द्यायला आम्ही तयार आहोत, गोणी गोणीचा.

शेडला वजनकाटा, नळ, संडास, आणि वर्षातून दोनदा जाड हातमोजे आणि बूट. याला कुठलाही मोठा प्रकल्प अहवाल लागत नाही.

पणजीतल्या साहेबांना माझी खास विनंती ट्रेनिंगबद्दल आहे. साळगाव आणि काकोडा हे दोन्ही प्रकल्प आपल्याकडे आहेत, तिथे पंचायतींच्या शेडमधल्या बायकांना आणि गाडीवरच्या मुलांना आठ आठ दिवस प्रत्यक्ष कामावर शिकायला पाठवा, रोजंदारी देऊन, कारण रोज बुडवून कोणी शिकायला येऊ शकत नाही. जुन्या गोव्यात इला फार्मवर जिपार्ड ही सरकारी ट्रेनिंग संस्था आहे, तिथे आमच्यासाठी मराठीत, कोकणीत कोर्स ठेवा, आणि शिकवायला साहेबांबरोबर ज्यांनी दहा वर्षं हे काम केलंय त्या बायकांना बोलवा. फर्मागुडीला आयटीआय आहे, तिथल्या मुलांना बेलिंग मशीन, श्रेडर, कंपोस्टरची दुरुस्ती शिकवा, म्हणजे तालुक्यातलं मशीन बंद पडलं तर तालुक्यातलाच मुलगा दुसऱ्या दिवशी येईल, त्यालाही काम मिळेल. आणि प्रत्येक पंचायतीत निदान दोन माणसं अशी ठेवा की सचिव बदलला तरी ती बदलणार नाहीत, ज्यांच्याकडे नोंदवही असेल, ज्यांना नियम माहीत असतील.

शेवटी लग्नाच्या हॉलवाल्यांचं. रोज 100 किलोच्या वर कचरा करणाऱ्यांनी आपल्या ओल्याची सोय शक्यतो स्वतः करायची, आणि परवाना नसलेल्या जागी 100 च्या वर माणसं जमवायची असतील तर तीन कामकाजाचे दिवस आधी पंचायतीला कळवून कचरा वेगळा द्यायचा, हे पण त्याच 2016 च्या नियमांत आलेलं होतं. लग्नसराईत पत्रावळी, उरलेला भात, प्लास्टिकचे ग्लास सगळं एका पिशवीत बांधून रात्री शेडच्या गेटवर ठेवलेलं असतं. त्यांना नोटीस काढायचं काम आम्ही करू शकत नाही, ते पंचायतीचं आहे.

या पत्राची प्रत मी पंचायतीत इनवर्ड करून देतेय, शिक्का मारून घेणार. तुमचं उत्तर लेखी द्या आणि महिना संपायच्या आधी द्या, म्हणजे एक तारखेला कामावर यायचं की नाही ते आमच्या बायकांना ड्रायव्हरला विचारावं लागणार नाही.

आपली,
एमआरएफ शेडमध्ये काम करणारी गटातली एक बाई
फोंडा तालुका, गोवा